डॉल्बीचं सामान कमी पैशात रिपेर करून घ्यायचंय? आधी हे वाचा

गणपती गेले की कोल्हापुरातल्या कुठल्याही साऊंडवाल्याच्या गोडाऊनमध्ये डोकावा. एक बेस (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) फाटलेला, दोन टॉपचे ड्रायव्हर (वरच्या बॉक्सातले बारीक आवाजाचे स्पीकर) गेलेले, अँप प्रोटेक्टला जाऊन म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करून बसलाय, मिक्सरच्या फेडरमध्ये (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणात) गुलाल. आणि मालक फोनवर कुणालातरी विचारतोय, "भावा, बिल किती होईल रे अंदाजे?" आता न बघता कोण काय सांगणार. पण माझं मत विचाराल तर हे बिल निम्मं तुमच्या गोडाऊनमध्येच ठरतंय, मिस्त्रीकडे जायच्या आधी. काय गेलंय, का गेलंय, कुणाकडे न्यायचं आणि कधी न्यायचं, एवढं नीट झालं की पैसे वाचतात. खाली लिहिलंय ते छोटे साऊंडवाले, बँजो पार्टी, भजनी मंडळं, तालमी, ऑर्केस्ट्रावाले असल्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे लाईन अॅरे आणि पगारी इंजिनिअर आहे त्यांनी सोडून द्या.

नक्की गेलंय काय?

"अँप बंद पडला" म्हणून उचलून नेलेला अँप तिथं दुकानात टकाटक वाजतो आणि चेकिंगचे पैसे देऊन परत आणावा लागतो, हे लय जणांचं होतं. बहुतेक वेळा खरा चोर केबल असते. त्यामुळे आधी अदलाबदल करून बघा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. चालू साईडची स्पीकरची वायर बंद साईडला, मग चालू चॅनल बंद चॅनलच्या जागी, मग बॉक्स बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि वाजायला लागलं तर काय कळलं? काहीच नाही.

अँपचा प्रोटेक्ट लाईट लागलाय तर स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा आणि मोकळा चालू करा. लाईट गेला तर अँप ठीक आहे, दोष वायरीत नाहीतर बॉक्समध्ये. मोकळा असतानाही लाईट राहिला तर आत काम आहे. फ्यूज उडालाय तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा एकदाच घालून बघा. फ्यूजची तार नुसती मधे तुटलेली असली तर कधी कधी तेवढ्यावर भागतं, पण काच आतनं काळी झाली असेल तर शॉर्ट मोठा आहे, दुसरा घालून बघायच्या भानगडीतच पडू नका. आणि फ्यूजच्या जागी वायरचं तांबं गुंडाळून कार्यक्रम काढणारे जे कलाकार आहेत त्यांना कोपरापासून नमस्कार. दोन रुपयाचा फ्यूज वाचवायला ट्रान्सफॉर्मर जाळतात.

स्पीकरसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, दोनचारशे रुपयात येतो, प्रत्येक गाडीत एक पाहिजेच. ओहमवर लावून स्पीकरच्या दोन टोकांवर धरा. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीनच्या आसपास. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका, तसाच असतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल (स्पीकरच्या आतलं तारेचं वेटोळं) तुटली, एकदम शून्याजवळ असेल तर शॉर्ट. फक्त एक ध्यानात ठेवा, टॉपच्या बॉक्सला मागच्या जॅकवरनं मोजलं तर वूफरचंच रीडिंग येतं, कारण वरचा ड्रायव्हर क्रॉसओव्हरच्या (जाड आणि बारीक आवाज वेगळा करणाऱ्या सर्किटच्या) कपॅसिटरच्या पलीकडे असतो. ड्रायव्हरची वायर सोडवून वेगळं मोजा.

मग कॉइल घासतीय का ते बघायचं. स्पीकर आडवा ठेवून दोन्ही हाताची बोटं कोनवर (समोरच्या हलणाऱ्या पडद्यावर) समोरासमोर ठेवा आणि एकदम हळू सरळ खाली दाबा, कान जवळ न्या. गुपचूप खालीवर झाला तर बरा आहे. आतनं वाळू घासल्यासारखा खर्र आवाज आला तर कॉइल फुगलीय किंवा सरकलीय, आणि मीटरवर रीडिंग बरोबर आलं तरी तो स्पीकर रिकोनलाच, म्हणजे कोन आणि कॉइल नवीन घालायलाच जाणार.

आता एक मोठी भानगड. अँपची एक साईड उडते तेव्हा कित्येकदा सगळा डीसी करंट सरळ स्पीकरला जातो आणि कॉइल जळते. म्हणजे अँप गेला असेल तर त्यावरचे स्पीकर तपासा, आणि स्पीकर जळाला असेल तर अँप तपासा. नाहीतर नवीन रिकोन केलेला बेस त्याच आजारी अँपला लावायचा आणि पाच मिनिटात परत धूर.

अँप स्वतः उघडायचा मोह होतो, पण मोठ्या अँपचे मेन कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात आणि एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरच्या जागी हलका पॉवर सप्लाय) असलेल्या नव्या सामानात तर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो. माहिती नसेल तर झाकणाला हात लावू नका. बाहेरनं ब्लोअर मारा, फॅन फिरतोय का बघा, बास.

घरच्या घरी होणारी कामं

केबल जोडायला शिका. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, साठ-चाळीसची सोल्डर वायर आणि एक दुपार. एक्सएलआरला (माइकचा तीन पिनांचा कनेक्टर) पिन १ शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड. स्पीकॉनला (स्पीकरच्या वायरीचा फिरवून बसणारा कनेक्टर) साध्या बॉक्ससाठी १ प्लस आणि १ मायनस. एवढं पाठ झालं की वर्षाचा केबलचा खर्च निम्म्यावर. केबल तुटते ती जवळजवळ नेहमी कनेक्टरपासून वीतभर अंतरात, तेवढा तुकडा कापून परत जोडायचा. आणि कनेक्टरच्या आतली क्लिप वायरच्या कातड्यावर आवळली पाहिजे, नाहीतर सगळा ताण सोल्डरवर येतो आणि पुढच्या मिरवणुकीत परत तेच.

मिक्सरचा फेडर नाहीतर नॉब खरखरतोय म्हणून कुणी पॉट (फेडर-नॉबच्या आतला पार्ट) बदलायचं बिल लावत असेल तर जरा थांबा. आपल्याकडं कारण नव्वद टक्के वेळा धूळ आणि गुलाल असतो. मिरवणुकीत नाहीतर जोतिबाच्या यात्रेत वाजवलेला मिक्सर उघडला की आत सगळं गुलाबी. गुलाल कोरडा असतो तोवर ब्लोअरनं निघतो, त्याला ओल लागली की तो फेडरच्या पट्टीवर चिकटून बसतो. म्हणून ओल्या फडक्यानं अजिबात पुसू नका. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारून फेडर पंधरावीस वेळा वरखाली करा. क्लीनर म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनरच, दरवाजाच्या बिजागरीला मारतो तो गंज काढायचा स्प्रे नव्हे, त्याचं तेल राहतं आणि चार दिवसात अजून धूळ ओढतं. पुढच्या वेळी मिक्सरवर पातळ पारदर्शक प्लास्टिक टाका, ऑपरेटर वैतागला तरी चालेल.

माइक दबका वाजतोय? जाळी फिरवून काढा, आतला स्पंज कोमट पाण्यात साबण घालून धुवा, पूर्ण वाळवा. कीर्तनकार, निवेदक, नेते सगळ्यांची थुंकी त्यात साठलेली असते, धुतलं की आवाज उघडतो. शुअरच्या एसएम ५८ माइकचं कार्ट्रिज (आवाज पकडणारा आतला भाग) खरंच गेलं असेल तर आर ५९ नावाचं ओरिजिनल कार्ट्रिज वेगळं मिळतं. पण आधी तुमचा ५८ खरा आहे का ते बघा, बाजारात डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे आणि खोट्या माइकवर खरं कार्ट्रिज घालायचा खर्च कशाला. कॉर्डलेसमध्ये बहुतेक वेळा सेल फुटून टर्मिनलवर हिरवं-पांढरं साचलेलं असतं, ते कापसावर व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करा. आणि काम संपलं की सेल काढून ठेवायची सवय लावा की राव.

कुठलं काम कुणाकडं

इथं लोक चुकतात. एकच ओळखीचा मिस्त्री धरतात आणि सगळं त्याच्याच गळ्यात मारतात, मग तो बिचारा अर्धं काम दुसरीकडनं करून आणतो आणि मधले पैसे लावतो. कोल्हापूरचं एक बरं आहे, शिवाजी उद्यमनगर गावातच आहे. लेथ, वेल्डिंग, मोटार रिवायंडिंग, पावडर कोटिंग सगळं चालत जायच्या अंतरावर. स्पीकर स्टँडचा प्लास्टिकचा कॉलर तुटला की कंपनीचा पार्ट शोधत बसण्यापेक्षा तुटका तुकडा घेऊन लेथवाल्याकडे जा, नायलॉनचा नाहीतर अॅल्युमिनियमचा कॉलर बनवून देतो आणि तो मूळ कॉलरपेक्षा जास्त टिकतो. अँपचा ट्रान्सफॉर्मर जळालाय तर रिवायंडिंगवाल्याला विचारा, मात्र जळालेला जुना ट्रान्सफॉर्मर फेकू नका, त्याचे वेढे आणि वायरचा गेज मोजूनच नवीन भरता येतो. रॅकची चाकं, हँडल, जाळ्या, फ्लाइट केसचे कोपरे, सगळं तिथं होतं.

फक्त एक अपवाद. डोक्यावर जे टांगायचं आहे, म्हणजे आयबोल्ट, शॅकल, चेन, ट्रसची पिन, ते लोकल बनवून घेऊ नका. वजनाची रेटिंग कोरलेलाच माल विकत घ्या. तिथं वाचवलेले पाचशे रुपये कुणाच्यातरी डोक्यावर पडतात.

बॉक्सचं लाकूडकाम सुताराकडे. प्लायचा बॉक्स असेल तर फाटलेला कोपरा, सैल झालेला जोड सगळं भरून निघतं. एमडीएफचा बॉक्स एकदा पाणी पिऊन फुगला की संपला, त्यावर पैसे घालू नका, आतला माल काढा आणि नवीन प्लायचा बॉक्स करून घ्या.

इलेक्ट्रॉनिक्स बोर्डाचं काम मात्र बेंचवर बसणाऱ्या मिस्त्रीचंच. आणि हा मिस्त्री निवडताना दुकानाचा बोर्ड किती मोठा आहे ते बघू नका, टेबलावर काय आहे ते बघा. सिरीज बल्ब आहे का? डमी लोड (स्पीकरच्या जागी लावायचा मोठा रेझिस्टर) आहे का? ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर सोन्याहून पिवळं. सिरीज बल्ब म्हणजे अँपच्या सप्लायला ओळीत लावलेला शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. अँप चालू केल्यावर बल्ब एकदा भकन लागून मंद झाला तर ठीक, तसाच ढणढण पेटून राहिला तर आत शॉर्ट शिल्लक आहे. हा बल्ब न लावता रिपेर केलेला अँप सरळ विजेच्या बोर्डात घुसवणारा मिस्त्री तुमच्या पैशानं शिकतोय असं समजा.

रिकोन करताना

बेस फाटला की दोन रस्ते, नवीन स्पीकर नाहीतर रिकोन. मॅग्नेट आणि बास्केट चांगली असेल तर रिकोन बहुतेक वेळा परवडतं, कारण स्पीकरचा महाग भाग तोच असतो आणि तो तुमच्याकडं आधीच आहे. पण रिकोनमध्येच जास्त फसवणूक होते. किट घेताना कॉइलचा व्यास, ओहम आणि वाइंडिंगची उंची तिन्ही जुळली पाहिजे. मिस्त्री फक्त "पंधरा इंची, तीन इंच कॉइल" एवढंच बघून किट घालत असेल तर स्पीकर वाजेल पण पहिल्यासारखा मारणार नाही. लोकल कोनचा कागद जाड-पातळ असला की आवाज बदलतो. त्यामुळे जोडीतला एकच स्पीकर लोकल किटवर करण्यापेक्षा दोन्ही एकाच किटवर करा, निदान दोन्ही साईडला सारखं तरी वाजतं. आणि कंपनीचं ओरिजिनल किट मिळत असेल तर चांगल्या स्पीकरला तेच घाला, इथं कंजुषी नको.

शक्य असेल तर काम चालू असताना एकदा समोर बसा. जुना कोन कापून काढल्यावर मॅग्नेटच्या फटीत जळालेल्या कॉइलची राख आणि लोखंडाचा बारीक चुरा असतो. चांगला मिस्त्री चिकटपट्टीची चिकट बाजू बाहेर ठेवून ती पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळतो आणि फटीत सगळीकडनं फिरवतो, पट्टी काळी यायची थांबेपर्यंत. मग नवीन कॉइल मधोमध बसावी म्हणून कॉइल आणि मधल्या पोलच्या मधे जुन्या एक्सरेच्या फिल्मच्या कापलेल्या पट्ट्या खोचतो. कुणाच्या गुडघ्याचा फोटो कुणाच्या बेसमध्ये! त्या पट्ट्या तशाच ठेवून स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी कापडी चकती) आणि कोन चिकटवायचा, गम पूर्ण वाळला की पट्ट्या ओढून काढायच्या आणि मगच वरची डस्ट कॅप लावायची. हा गम वाळायला एक दिवस द्यावाच लागतो. "संध्याकाळी या, देतो" असं कुणी म्हणालं तर तुम्हीच सांगा, "मामा, उद्या येतो, वाळू दे."

टॉपच्या ड्रायव्हरचं सोपं आहे, बहुतेक ड्रायव्हरना फक्त डायफ्राम (कॉइल चिकटवलेला आतला पातळ पडदा) बदलायचा असतो, तीनचार स्क्रू. डायफ्राम घेताना कॉइलचा व्यास मोजून घ्या, ३४ मिलिमीटर, ४४ मिलिमीटर असे ठरलेले साइज असतात आणि ओहमही बघा. आणि ड्रायव्हर परत परत जात असतील तर डायफ्रामला शिव्या घालू नका, कुणीतरी अँप लाल लाईटवर चालवतोय. क्लिप झालेला, म्हणजे अँपच्या ताकदीबाहेर जाऊन फाटलेला सिग्नल आधी ड्रायव्हर खातो. डीजेवाल्या पोराला हे समजावणं हीच खरी रिपेरी.

अँप करताना

साध्या जुन्या पद्धतीच्या अँपमध्ये बहुतेक वेळा आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेले असतात. आपल्याकडं ५२०० आणि १९४३ नंबरच्या ट्रान्झिस्टरची जोडी जास्त चालते. एका साईडला अशा बऱ्याच जोड्या ओळीत असतात, त्यातली एक शॉर्ट झाली की बाकीच्यांवरही ताण पडलेला असतो. मिस्त्री म्हणाला "एकच गेलाय, एकच बदलतो" तर ते स्वस्त वाटतं, पण जुन्या-नव्याची मोट बांधलेला तो अँप पुढच्या सिझनला परत येतो. एका साईडचे सगळे एका लॉटचे घाला. त्यांच्याबरोबर ड्रायव्हर ट्रान्झिस्टर (आउटपुटच्यांना चालवणारे, टॉपचे ड्रायव्हर नव्हे) आणि ०.२२ ओहमचे सिमेंट रेझिस्टरही तपासायला सांगा, खाली मायका नाहीतर सिलिकॉनचा इन्सुलेटर नवीन, पेस्ट नवीन, आणि शेवटी बायस (आवाज नसताना ट्रान्झिस्टरमधनं जाणारा थोडा करंट) सेट.

या ट्रान्झिस्टरच्या डुप्लिकेटनं बाजार भरलाय. फोडून बघितला की खोट्याच्या आतली चिप बारकी दिसते, बाहेरनं छापाई अगदी तशीच. भाव संशय येण्याइतका कमी असला की समजून जा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या भागात नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुणी जाणार असेल तर ओळखीच्या दुकानातनं मागवा, नाहीतर इंटरनेटवर जे अधिकृत वितरक आहेत त्यांच्याकडनं चार मंडळांचा माल एकत्र मागवा, कुरिअरचा खर्च वाटला जातो. मिक्सरच्या कामाला मात्र एवढं डोकं लावायची गरज नाही, ४५५८ सारखा ऑपॅम्प (सिग्नल वाढवणारी छोटी आयसी) दहावीस रुपयात मिळतो. एकच चॅनल मेला असेल तर अनेकदा तोच गेलेला असतो, त्यासाठी अख्खा बोर्ड बदलायला लावणाऱ्याला रामराम करा.

अॅक्टिव्ह बॉक्स (आतच अँप असलेले) आणि क्लास डी (नव्या पद्धतीच्या हलक्या) अँपचं गणित वेगळं. त्यांचं मरण बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात असतं. मांडवात तीन फेजचं कनेक्शन किंवा जनरेटर असतो, कुठंतरी न्यूट्रलचा स्क्रू ढिला असतो, तो सुटला की २३० च्या जागी सॉकेटवर साडेतीनशे-चारशे व्होल्ट येतात आणि एका क्षणात चार बॉक्स, एलईडीची लाईट, ऑपरेटरचा लॅपटॉप सगळं गप्प. नशीब चांगलं असेल तर आत एमओव्ही नावाची गोल चकती स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि बाकीचा बोर्ड वाचवते. म्हणून मिस्त्रीला सांगताना "व्होल्टेज जास्त आलं होतं" हे नक्की सांगा, तो आधी एमओव्ही, फ्यूज, ब्रिज, मॉसफेट याच रांगेत बघेल आणि तुमचे चेकिंगचे तास वाचतील. काही कंपन्या अख्खं मॉड्यूल बदलायलाच सांगतात, त्याचा भाव ऐकून घाम फुटतो. अशा वेळी वॉरंटी संपलेली असेल तर बोर्डावर पार्ट बदलून देणारा माणूस आधी शोधा.

पुराचं सामान

२०१९ आणि २०२१ ला दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली भागात ज्यांची गोडाऊनं होती त्यांना वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. तुमचं गोडाऊन खालच्या अंगाला असेल तर ३९ ची बातमी आली की सामान हलवा, ४३ ची वाट बघत बसू नका.

भिजलंच तर पहिला नियम, "चालू होतंय का बघूया" करायचं नाही. विमा असेल तर धुवायच्या आधी फोटो, व्हिडिओ, सीरियल नंबर, पंचनामा. मग लगेच स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा. ऐकायला विचित्र वाटतं पण बोर्डाला पाण्यापेक्षा वाळलेला गाळ जास्त खातो. धुतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून, फॅनखाली बरेच दिवस वाळवून मगच मिस्त्रीकडे, तो सिरीज बल्बवर उठवेल. कागदी कोनचे स्पीकर बहुतेक रिकोनलाच जातात कारण फटीत गाळ गेलेला असतो, पण मॅग्नेट आणि बास्केट वाचते. सगळं भंगारात घालू नका.

कधी न्यायचं

श्रावण संपत आला की सगळ्या मिस्त्रींकडे रॅकच्या रॅक थप्पी लागते आणि तेव्हा भाव करायची सोय नसते. आषाढात न्या. लग्नं थांबलेली असतात, मिस्त्रीला वेळ असतो, पार्ट बाहेरनं मागवायला सवड असते. दुसरी संधी पितृ पंधरवड्यात, गणपती आणि नवरात्राच्या मधे, पण तेव्हा सगळेच धावतात, म्हणून विसर्जनाची झोप काढून झाली की पहिल्या दोन दिवसात सामान टाकून या.

बोलणी कशी करायची

आधी फोनवर व्हिडिओ पाठवा. लाईट लागतो का, फॅन फिरतो का, रिले टक करतो का, वास आला का, त्या वेळी काय लावलं होतं, सगळं एका व्हॉइस मेसेजमध्ये. "बंद पडलाय बघा जरा" यावर कुणी नीट अंदाज देऊ शकत नाही. देताना सीरियल नंबरचा आणि आतल्या बाजूचाही फोटो काढून ठेवा. चेकिंगचे किती, रिपेर नाही झालं तर किती, हे आधी विचारा. अंदाज व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि सांगा की यापेक्षा जास्त जाणार असेल तर फोन केल्याशिवाय हात लावायचा नाही. तीन महिन्यांची तोंडी गॅरंटी मागा, चांगला मिस्त्री स्वतःच्या कामावर देतो. मात्र घासाघीस मजुरीवर करू नका, पार्टच्या भावावर करा. मजुरी पाडली की तो पार्ट हलका घालतो, त्यालाही पोट आहे.

आणि एक अँप तीन मिस्त्रींना उघडू देऊ नका. दुसऱ्यानं अर्धवट उघडून ठेवलेलं काम कुणीही जादा पैशाशिवाय घेत नाही आणि ते बरोबरच आहे.

वॉरंटीत असेल तर सील तोडू नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पक्क्या बिलासह तक्रार टाका, तक्रारीचा नंबर घ्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला २०१९ च्या ग्राहक कायद्यात अडचण येते, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल असेल तर त्याला सूट आहे, त्यामुळे एकदोन बॉक्सवर स्वतः धंदा करणाऱ्यानं लगेच हार मानू नये.

कशावर पैसे घालू नयेत? बोर्डाचा तुकडा जळून कोळसा झालाय, आत सगळं गोंदात बुडवलेलं आहे, किंवा हलका ब्लूटूथ पार्टी स्पीकर आहे, तर सोडा. माझा हिशोब साधा, रिपेरीचा अंदाज त्याच मॉडेलच्या चालू सेकंडहँडच्या निम्म्याच्या वर गेला की थांबायचं. पण मेलेला अँप भंगारात किलोवर देऊ नका. त्यातला ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, फॅन, कॅबिनेट मिस्त्रीला उपयोगी पडतं, बिलातनं वळतं करून घ्या. उलट तुमच्याकडं एकाच मॉडेलचे चारसहा अँप असतील तर कुणाचा तरी मेलेला तसलाच अँप विकत घेऊन ठेवा, त्यातले पार्ट काढत काढत तुमचे बाकीचे बरेच सिझन चालतात.

परत आणताना

पाच मिनिटं गाणं वाजलं म्हणून पैसे देऊन निघू नका. अँपला स्पीकर लावायच्या आधी आउटपुटवर मल्टिमीटर डीसीवर ठेवून बघा, पन्नास-शंभर मिलिव्होल्टच्या आत पाहिजे, व्होल्टमध्ये आकडा दिसला तर तसाच परत टेबलावर. मग आपलाच बॉक्स लावून निदान अर्धा तास दाबून वाजवा, दोन्ही चॅनल, हात लावून हीटसिंक दोन्हीकडे सारखा गरम होतोय का बघा. रिकोन केलेला बेस पहिल्याच दिवशी फुल्ल देऊ नका, थोडा वेळ मध्यम आवाजात चालू द्या. काढलेले जुने पार्ट पिशवीत मागून घ्या, मिस्त्रीला राग येत नाही, खरंच बदललेत हेही कळतं आणि पुढच्या वेळी पार्ट मागवताना नंबर वाचायला नमुना हातात राहतो. बाहेरगावाहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतनं येणार असेल तर सुटा स्पीकर मॅग्नेट खाली, कोनवर प्लायचा तुकडा बांधून पाठवायला सांगा, नुसत्या थर्माकोलवर कुणीतरी दुसऱ्याची बॅग ठेवणारच.